पेन्शनीनंतरची अठ्ठेचाळीस वर्षं

फर्ग्युसन कॉलेजात तेवीस वर्षं गणित शिकवून धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे १९१४ साली निवृत्त झाले, तेव्हा त्यांचं वय छप्पन्न होतं. पुढे ते अठ्ठेचाळीस वर्षं जगले. म्हणजे नोकरीच्या दुपटीहून जास्त काळ त्यांनी ‘निवृत्त मास्तर’ म्हणून काढला. विधवेशी पुनर्विवाह, त्यापायी मुरूड या त्यांच्या गावाने घातलेला बहिष्कार, हिंगण्याचा आश्रम आणि तिथून कॉलेजपर्यंतची रोजची पायपीट हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण ते निवृत्तीच्या आधीचं.

महिला विद्यापीठ मात्र नंतरचं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली आणि १९१६ साली, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या विद्यार्थिनी घेऊन, मातृभाषेतून शिकवणारं विद्यापीठ उभं राहिलं. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली. तोवर आणि त्यानंतरही अण्णांची झोळी खांद्यावरच होती. १९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, ते युरोप, अमेरिका, जपान अशा फेरीला निघाले आणि पाठोपाठ आफ्रिकेलाही गेले. विद्यापीठाची माहिती सांगायची आणि वर्गणी मागायची, एवढंच काम. बायाही, म्हणजे त्यांच्या पत्नी आनंदीबाईही, आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडल्या. त्यांचं ‘माझे पुराण’ शेजारी ठेवल्याशिवाय या संसाराचा हिशेब पुरा होत नाही.

मला थांबावंसं वाटतं ते १९३६ सालापाशी. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. विद्यापीठाचा जम बसला होता, नाव झालं होतं, घरात बसून राहिले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं. त्या वर्षी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा पोचलेली नाही तिथे शाळा उघडायची, आणि शिकलेल्या प्रौढांचं वाचन सुटू नये हेही पाहायचं. ज्याने विद्यापीठ काढलं तो आता मुळाक्षरांकडे वळला होता.

हे वळण मला त्यांच्या लहानपणाशी जोडलेलं दिसतं. सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा मुरूडहून कुंभार्ली घाट चढून, शंभराहून अधिक मैल चालून साताऱ्याला गेला होता. परीक्षकाला तो वयाने लहान वाटला आणि त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. आला तसा परतला. शाळा लांब असली की पोराच्या पायांवर काय बेततं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

पैशाच्या बाबतीतही सवय जुनीच. मुंबईत शिकवण्या करत असतानाच ते मिळकतीतला थोडा वाटा ‘मुरूड फंडा’साठी बाजूला काढत. थोड्या पैशाला कमी न लेखणं ही त्यांची खरी ताकद होती, असं माझं मत आहे. मोठे दाते पुढे आले, पण ते थोड्या पैशांतून कामं आधी उभी राहिलेली पाहून.

१९४४ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेद मोडण्यासाठी त्यांनी समता संघ काढला. १९५८ साली भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशेचार वर्षांचे असताना, ते गेले.

विद्यापीठाचा इतिहास लिहिला गेला आहे. खेड्यांतल्या त्या शाळांच्या वाट्याला मात्र चरित्रांतून जेमतेम एखादा परिच्छेद येतो. वाचकांपैकी कुणाच्या गावच्या शाळेत जुनं दप्तर अजून शिल्लक असेल, तर या दिवाळीच्या सुटीत ते उघडून पाहा. त्यात ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळाचं नाव आढळलं, तर ते पान रद्दीत जाऊ देऊ नका.