फरशीखाली झाकले जाणारे काम

बाथरूम मोठे करायचे ठरले की घरातली चर्चा टाइल्सच्या रंगापासून सुरू होते. भिंत कुठवर सरकवायची, शॉवरपुढे काच हवी का, बेसिन कोणते, हे सगळे ठरते आणि मग ते करून देणारा कंत्राटदार शोधला जातो. या क्रमातच पहिला गैरसमज आहे. फ्लॅटमधले बाथरूम हा खरे तर स्लॅबमध्ये बसवलेला एक उथळ हौद असतो. इमारत बांधतानाच तेवढ्या भागातला स्लॅब इतर खोल्यांपेक्षा खाली घेतलेला असतो. जुन्या इमारतींत पाऊण ते दीड फूट, आणि नळ्या खालच्या मजल्याच्या छताला टांगलेल्या नव्या इमारतींत त्याहून बराच कमी. जुन्या पद्धतीत या खोलगटात नळ्या टाकून, वीटतुकड्यांचा कोबा भरून, त्यावर फरशी बसते. भिंत तीन फूट पुढे सरकवली की फरशी तीन फूट पुढे जाते. हौद मात्र होता तिथेच राहतो. खालच्या घराच्या छतावर उमटणाऱ्या ओल्या डागांचे मूळ पुष्कळदा याच तीन फुटांत सापडते.

‘पाण्याची नळी काय, कुठेही फिरवता येते’ हे विधान नळाच्या पाण्यापुरते खरे आहे, कारण ते दाबाने येते. सांडपाणी फक्त उताराने जाते. कमोड दोन मीटर सरकवला आणि नळीला चाळीसास एक उतार दिला, तर नुसत्या उतारासाठी पाच सेंटिमीटर लागतात. नळीची जाडी ११ सेंटिमीटर. वर कोबा, मसाला आणि टाइल धरली, की सपाट स्लॅबवर वीस सेंटिमीटरपेक्षा जास्त उंची चढते. म्हणजे बाथरूममध्ये जायला आठ इंचांची पायरी. घरातल्या वडीलधाऱ्यांना सोयीचे व्हावे म्हणून बाथरूम वाढवायचे आणि त्यांच्याच पायाखाली पायरी उभी करायची, असे होऊ नये. ही पायरी टाळायला कुणी उतार कमी करतो, आणि मग नळी वरचेवर तुंबते. कुणी स्लॅबच छिनून नळी खाली बसवायला सांगतो. असा सल्ला देणाऱ्याला तिथूनच परत पाठवावे. स्लॅबची जाडी साधारण पाच-सहा इंच असते आणि तिच्यातल्या सळ्यांवरचे काँक्रीटचे आवरण जेमतेम दोन सेंटिमीटरचे.

दुसरा हिशेब वजनाचा. ‘थोडा भराव टाकला तर काय बिघडते?’ असे सहज म्हटले जाते. राहत्या घरातल्या माणसांचे आणि सामानाचे वजन म्हणून भारतीय मानकांनुसार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरले जातात. सहा इंच जाडीचा कोबा दर चौरस मीटरला अडीचशे किलोंच्या पुढे जातो. म्हणजे खोलीने आयुष्यात क्वचितच उचलायचा भार आपण तिच्यावर कायमचा ठेवला, शिवाय माणसे आणि सामान आहेतच. साडेचार इंची विटांची नवी भिंत, दहा फूट उंचीची, दर मीटर लांबीला प्लास्टरसह पाऊण टन भरते; खाली तुळई नसेल तर ते सारे वजन स्लॅबवर. हलक्या ब्लॉकची भिंत घेतली आणि भरावालाही हलके साहित्य वापरले तर हा आकडा बराच उतरतो. मात्र तो किती उतरला पाहिजे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचे असते. अंदाजाने ठरवायची ही बाब नाही. ‘आमच्या इमारतीत चार जणांनी केले, काही झाले नाही’ हे उत्तर नेहमी मिळते. पण काँक्रीट लगेच तक्रार करत नाही. ओल झिरपत राहते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि कित्येक वर्षांनी आतून काँक्रीटचे पोपडे सुटतात. तोवर काम करणारा आणि करवून घेणारा, दोघेही कदाचित तिथे नसतात.

भिंतीबद्दलचा समज तर आता धोक्याचा झाला आहे. ‘साडेचार इंची भिंत म्हणजे नुसता आडोसा, बिनधास्त पाडा’ हे आरसीसी खांब-तुळयांच्या इमारतीत बहुतेक वेळा बरोबर ठरते. भार पेलणाऱ्या भिंतींच्या जुन्या बांधकामात ते चूक ठरू शकते. गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याकडे ज्या उंच इमारती ‘मायवान’ पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतून उभ्या राहिल्या, त्यांत आतल्या पुष्कळशा भिंतीही सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात आणि इमारत त्यांच्यावरच उभी असते. तिथे भिंत पाडणे म्हणजे खांब पाडण्यासारखेच. साध्या नळीसाठी खोल खाच मारणेसुद्धा गैर. म्हणून इमारतीचा मूळ स्ट्रक्चरल नकाशा पाहिल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही. नव्या फ्लॅटमध्ये आणखी एक गोष्ट आहे. रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत आढळलेले बांधकामातले दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. त्या काळात आपणच बाथरूम उखडले, तर पुढच्या गळतीचे खापर विकासक आपल्यावर फोडणार आणि ते खोडून काढणे अवघड जाणार.

‘घर माझे, आतले बदल माझे, परवानगी कशाला?’ या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये इमारतीच्या केवळ आतल्या भागापुरत्या फेरफारांना सूट आहे. पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. मुंबईत साध्या दुरुस्तीच्या पलीकडचे, इमारतीचा भाग काढणारे किंवा बदलणारे काम महापालिका अधिनियमाच्या कलम ३४२ खाली येते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सदनिकेतल्या कोणत्याही फेरबदलाला समितीची लेखी संमती लागते आणि संडास, मोरी यांतून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकावर टाकलेला आहे. डक्टमध्ये दोन फूट सरकणे हा तर सर्वांत वाईट मार्ग. डक्ट सामायिक आहे. त्यातून सगळ्या मजल्यांच्या नळ्या जातात आणि खिडक्यांना हवा मिळते. राहता राहिला खालच्या मजल्याचा प्रश्न. राष्ट्रीय इमारत संहितेचे म्हणणे असे, की संडास-बाथरूम खालच्या संडास-बाथरूमवरच असावे. दुसऱ्या खोलीवर आले तर त्याची जमीन जलाभेद्य हवी. आपले वाढीव तीन फूट खालच्यांच्या बेडरूमवर येत असतील, तर त्यांना आधी विश्वासात घेणे हे नुसत्या सौजन्याच्या पुढचे आहे.

मग मोठे बाथरूम नकोच का? माझ्या मते अनेक जुन्या घरांत याहून सोपी वाट आहे आणि ती फार कमी जण विचारात घेतात. १९७०-८० च्या सुमाराच्या असंख्य फ्लॅटमध्ये संडास आणि न्हाणीघर शेजारी-शेजारी पण वेगळे आहेत. संहितेप्रमाणे किमान आकार पाहिले तर संडास १.१ आणि न्हाणीघर १.८ चौरस मीटर; दोन्ही मिळून २.९. जोडबाथरूमचा किमान आकार २.८ चौरस मीटर. मधली भिंत काढणे सुरक्षित असेल, तर हौदाबाहेर एक इंचही न जाता, कमोड जवळपास जागेवर ठेवून, ऐसपैस बाथरूम मिळते. चाकाच्या खुर्चीसाठी रुंद, बाहेर उघडणारे किंवा सरकते दार आणि भिंतीला घट्ट आधारदांडे, यांनी जो फरक पडतो तो नुसत्या क्षेत्रफळाने पडत नाही. एकाच कुटुंबात सकाळी दोघांना एकदम गरज असते, ही यावरची रास्त हरकत आहे. पाच माणसांच्या घरात एकच जोडबाथरूम करू नये, हे मला मान्य आहे.

हे सगळे कळल्यावर कंत्राटदाराची पारख सोपी होते, कारण काय पाहायचे ते ठरते. नातेवाइकांनी सुचवलेला माणूस भरवशाचा, मोठ्या शोरूमचा त्याहून भरवशाचा, असे आपण धरतो. नातेवाइकांनी पाहिलेले असते ते वरचे काम: टाइल्सचे सांधे सरळ, फिटिंग चकाचक. त्यांच्या घरी दोन पावसाळे उलटले का आणि खालच्या मजल्यावर डाग आहे का, हे विचारायला हवे; जमल्यास तो खालचा मजलाच पाहावा. पहिल्या भेटीतच माणूस ओळखता येतो. जो टाइल्सचे कॅटलॉग उघडण्याआधी खाली कुणाची कोणती खोली आहे, स्लॅब किती खोल आहे, मुख्य नळी कुठून उतरते हे विचारतो, त्याच्याकडे छोटे दुकानसुद्धा नसेल, तरी मी त्याला पसंती देईन. ‘केमिकल मारतो, दहा वर्षांची गॅरंटी’ हे वाक्य मात्र कुणाच्याही तोंडी सारखेच पोकळ. रसायन उपयोगी असते, पण पाणी फुटते ते बहुधा सांध्यातून: भिंत आणि जमीन मिळते तिथे, नहाणी ट्रॅपच्या गळ्याशी, उंबऱ्याखाली आणि जुना कोबा नव्याला भेटतो त्या रेषेवर. कोपऱ्यात गोलसर वाटा काढणे, ट्रॅपभोवती नीट भरणे, लेप भिंतीवर फूटभर चढवणे ही हाताची कामे आहेत. त्यांची परीक्षा एकच: ट्रॅप बंद करून पाणी भरायचे, किमान ४८ तास ठेवायचे आणि खालच्या घरात जाऊन छत पाहायचे. टाइल्स त्यानंतर.

दराचेही तसेच. तीन कोटेशन मागवून सर्वांत कमीचे घेणे म्हणजे बहुतेक वेळा तीन वेगवेगळ्या कामांची तुलना असते. एकाने तोडफोड आणि राडारोडा उचलणे धरले आहे, दुसऱ्याने नाही. एकाने जुन्या नळ्या बदलल्या, दुसऱ्याने नुसत्या जोडल्या. त्यामुळे कामाची यादी आपण करावी, परिमाणांसह, आणि त्याच यादीवर तिघांकडून दर मागावेत. पैसे टप्प्यांशी बांधावेत: तोडकाम, दाब देऊन तपासलेल्या नळ्या, पाण्याची चाचणी, टाइल्स, फिटिंग, आणि पाच-दहा टक्के रक्कम पुढचा पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी. एवढ्याशा कामाला इतक्या अटी घातल्या तर कुणी येणारच नाही, अशी भीती व्यक्त होते. ती अगदीच खोटी नाही. पण लहान कंत्राटदाराची खरी अडचण अटींची नसते. साहित्याला पैसे अडकतात ही असते. म्हणून साहित्याचे पैसे बिलावर लगेच द्यावेत आणि मजुरीचे टप्प्यांवर, म्हणजे दोघांनाही परवडते. बिल टाळून कर वाचवण्याचा मोह आवरावा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष सेवेसाठी जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण काय ठरले आणि किती दिले हे दाखवायला कागदच नसेल तर बाजू लंगडी पडते. आयोगापर्यंत जायची वेळ सहसा येऊच नये. कागदाचा मोठा उपयोग त्याआधी होतो: तो लिहितानाच दोघांच्या मनातले बाथरूम वेगवेगळे आहे, हे समजते.

फरशी बसण्याआधी आणखी एक काम कंत्राटदाराकडून करवून घ्यावे आणि तेही यादीत लिहावे. प्रत्येक भिंतीचा व जमिनीचा, उघड्या नळ्या आणि वायरींसह, मोजपट्टी धरून काढलेला फोटो. पाच-सात वर्षांनी आधारदांडा बसवायला ड्रिल घेऊन येणाऱ्या माणसाला नळी कुठून गेली आहे हे ठाऊक नसेल. तो फोटो त्याला दाखवता येईल.