रानअळंबीची ओळख : वैद्याने कोणती पुस्तिका हाती घ्यावी?

औषधीचे ज्ञान नाम, रूप आणि योजना या तीन अंगांनी पूर्ण होते, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगून ठेवले आहे. रानात शेळ्या-मेंढ्या व गाई राखणाऱ्यांना वनस्पतींची नावे आणि रूपे ठाऊक असतात. परंतु त्यांची योजना जाणतो तोच वैद्य, असा त्या विवेचनाचा आशय आहे. सुश्रुताचार्यांनीही गुराखी, तापस, व्याध आणि वनचर यांच्याकडून औषधी ओळखून घेण्याचा मार्ग दाखविला आहे. आज परिस्थिती नेमकी उलट झाली आहे. योजना सांगणारे ग्रंथ आपल्या कपाटात आहेत. नाम-रूप सांगणारा वनचर मात्र शहरातील चिकित्सालयाच्या आसपास उरलेला नाही. ही उणीव आपण ओळखपुस्तिकांनी, म्हणजे ज्यांना फील्ड गाइड म्हणतात त्यांनी, भरून काढू पाहतो.

सपुष्प वनस्पतींच्या बाबतीत नागपूरकर वैद्य सुदैवी आहेत. उगेमुगे यांचा ‘फ्लोरा ऑफ नागपूर डिस्ट्रिक्ट’ हा ग्रंथ १९८६ पासून उपलब्ध आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे महाराष्ट्राच्या वनस्पतींवरील खंड १९९६, २००० व २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. पण अळंबी, भूछत्र, छत्राक हा वर्ग यांपैकी एकाही ग्रंथात नाही, कारण कवके ही सपुष्प वनस्पतींच्या सूचीत बसत नाहीत. आषाढ-श्रावणात विदर्भाच्या बाजारात टेकोडे व सात्या दिसू लागल्या, की रुग्ण विचारतात, “वैद्यराज, हे खाण्याजोगे आहे का?” त्या वेळी या ग्रंथांचा उपयोग होत नाही. म्हणून रानअळंबीसाठी कोणती पुस्तिका निवडावी, हा प्रश्न आम्ही प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ग्रंथोक्त वर्णन आणि त्याची मर्यादा

आपल्या संहितांना अळंबी अपरिचित नव्हती. चरकसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायात सर्पच्छत्रक वगळून इतर अनेक छत्रजाती शीत, मधुर, गुरू व पीनसकर सांगितल्या आहेत. सुश्रुतसंहितेत पलाल, इक्षू, शेण, वेळू आणि भूमी अशा उत्पत्तिस्थानांनुसार उद्भिदांचे गुण वेगवेगळे दिले आहेत. भावप्रकाशात त्यांना संस्वेदज शाक म्हटले असून ती शीत, पिच्छिल, गुरू आणि छर्दी, अतिसार, ज्वर व कफविकार उत्पन्न करणारी मानली आहेत. स्वच्छ जागी, लाकडावर, वेळूवर किंवा गोठ्याच्या आसपास उगवणारे पांढरे प्रकार तितके दोषकर नाहीत, बाकीचे निंद्य होत, असेही तेथे म्हटले आहे.

येथेच सावध राहणे आवश्यक आहे. ही वाक्ये गुणवर्णनाची आहेत. ओळखीची लक्षणे म्हणून ती वाचता येत नाहीत. चरकाचार्यांनी सर्पच्छत्रक वर्ज्य म्हटले, पण त्याचे रूप तेथे वर्णिलेले नाही. ‘पांढरे ते कमी दोषकर’ हे वाक्य बाजारातील टोपलीला लावले, तर अनर्थ होऊ शकतो. अमॅनिटा या प्रजातीतील काही अत्यंत घातक जाती नखशिखांत शुभ्र असतात. पावसानंतर बागेच्या हिरवळीवर व गायरानात उगवणारी, पांढऱ्या छत्रीवर तपकिरी खवले असलेली क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस ही अळंबीही पांढरीच दिसते आणि खाल्ल्यावर एक ते तीन तासांत तीव्र छर्दी व अतिसार घडविते. ग्रंथ गुण सांगतो आणि पुस्तिका रूप सांगते. एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेऊ नये.

रुपयाचे चांदीचे नाणे काळे पडते का, लसूण रंग बदलते का, किड्यांनी कुरतडले आहे का, अशा लोकपरीक्षाही निरुपयोगी आहेत. ज्या पुस्तिकेत त्या ‘पारंपरिक कसोट्या’ म्हणून विनाटीका छापलेल्या असतील, ती तेथेच परत ठेवावी.

निवडीची पहिली कसोटी : टेकोडे

पुस्तिका कशी पारखावी? आमच्या मते त्यासाठी आपल्याकडील सर्वांत परिचित अळंबी घ्यावी. वारुळावर उगवणारे टेकोडे हे टर्मिटोमायसिस या प्रजातीतील होत. उधई जमिनीखाली जी बुरशीची बाग राखते, तिच्यातूनच ही छत्री वर येते. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजे हाइम यांनी १९४२ मध्ये या प्रजातीला नाव दिले. ही प्रजाती आफ्रिका व आशिया खंडांतील आहे. युरोप-अमेरिकेच्या रानांत ती नाही. त्यामुळे दुकानात पुस्तक हाती आल्यावर प्रथम सूचीत टर्मिटोमायसिस शोधावे. ते नसेल, तर छपाई कितीही देखणी असली तरी पुस्तक आपल्या भूमीसाठी लिहिलेले नाही, हे क्षणात कळते.

नाव सापडले, तर ते पान वाचावे. तेथे चार गोष्टी असाव्यात : छत्रीच्या मध्यावरील टोकदार उंचवटा; देठाचा जमिनीखाली वारुळापर्यंत गेलेला मुळासारखा भाग; गुलाबी छटेचा बीजाणूंचा ठसा; आणि कोणत्या विषारी अळंबीशी गल्लत होऊ शकते याचा उल्लेख. यांतील चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. विक्रेते पुष्कळदा देठ वरच्यावर तोडतात, त्यामुळे मुळासारखा भाग जमिनीतच राहतो. अमॅनिटाच्या बुडाशी असलेली पिशवीही अशीच मातीत राहून जाते. बूड नसलेल्या अळंबीची खात्री देता येत नाही, हे जी पुस्तिका स्पष्ट बजावते, ती विश्वासार्ह मानावी.

इतर कसोट्या

बीजाणूंचा ठसा ही परीक्षा कोणताही वैद्य घरी करू शकतो. छत्री देठापासून वेगळी करून, खालच्या पट्ट्या कागदावर टेकतील अशी ठेवावी व वर वाटी पालथी घालावी. कागद अर्धा पांढरा व अर्धा काळा घ्यावा, म्हणजे फिका ठसाही दिसतो. सकाळपर्यंत ठसा उमटतो. अमॅनिटाचा ठसा पांढरा, क्लोरोफायलम मॉलिब्डायटिसचा हिरवट, पेंढ्यावरच्या व्हॉल्व्हॅरिएलाचा गुलाबी आणि बटन अळंबीच्या प्रजातीचा गडद तपकिरी असतो. प्रत्येक जातीपुढे ठशाचा रंग न देणारी पुस्तिका केवळ चित्रसंग्रह समजावा.

दुसरी कसोटी अवस्थांची. कोवळी कळी, उमललेली छत्री आणि उभा छेद ही तिन्ही चित्रे हवीत. व्हॉल्व्हॅरिएला व अमॅनिटा या दोहोंच्या बुडाशी पिशवी असते आणि कोवळेपणी दोन्ही अंड्यासारख्या दिसतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या आग्नेय आशियाई कुटुंबांत याच साम्यामुळे विषबाधा झाल्या आहेत. मायदेशी ओळखीची असलेली पेंढ्यावरची अळंबी समजून त्यांनी अमॅनिटा फॅलॉइडिस खाल्ली. त्यांचा डोळा सरावलेला होता, पण भूमी बदललेली होती. देश हा घटक आपण देश-काल-वय-बल यांच्या विचारात प्रथम घेतो, तो येथेही तितकाच लागू आहे.

तिसरी कसोटी वृक्षसंबंधाची. अमॅनिटाच्या बहुतेक जाती साल, ओक, पाइन, निलगिरी अशा ठरावीक वृक्षांच्या मुळांशी सहजीवन करतात. सागाशी त्यांचे तसे नाते नाही. नागपूरच्या आसपासचे सागवन आणि पूर्वेकडील छत्तीसगडचे सालवन यांत म्हणूनच अळंबीचे प्रकार वेगळे आढळतात. ‘जंगलात उगवते’ एवढेच लिहिणाऱ्या पुस्तकाचा उपयोग नाही. कोणत्या वृक्षाखाली उगवते, हे त्यात हवे.

उपलब्ध ग्रंथ

महाराष्ट्रापुरते पाहता, पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने १९८० मध्ये साठे व त्यांच्या सहकाऱ्यांचा नैर्ऋत्य भारतातील अळंबींवरील प्रबंधग्रंथ प्रसिद्ध केला. पुरकायस्थ व चंद्र यांचे ‘मॅन्युअल ऑफ इंडियन एडिबल मशरूम्स’ १९८५ चे. नटराजन व रमण यांचे ‘साउथ इंडियन अगॅरिकेल्स’ १९८३ चे. आणि पेग्लर यांचा श्रीलंकेतील अळंबींवरील ग्रंथ १९८६ चा. हे सर्व अभ्यासकांसाठी लिहिलेले आहेत, त्यांची भाषा सूक्ष्मदर्शकाची आहे, आणि विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या मदतीविना त्यांचा पूर्ण लाभ होत नाही. तथापि त्यांतील जाती आपल्या उपखंडातील आहेत, हे त्यांचे मोठे बळ होय. अमेरिकेतील डेव्हिड अरोरा यांचे ‘मशरूम्स डिमिस्टिफाइड’ हे जाडजूड पुस्तक अळंबी पाहावी कशी, हे शिकण्यास उत्तम आहे. पण त्यातील जाती उत्तर अमेरिकेच्या आहेत. त्याच्याकडून पद्धत घ्यावी, निर्णय घेऊ नये.

जुन्या ग्रंथांतील काही नावे आज बदललेली आहेत. उदाहरणार्थ, कीडाजडीचे कॉर्डिसेप्स सायनेन्सिस हे नाव २००७ मध्ये ओफिओकॉर्डिसेप्स सायनेन्सिस झाले. एवढ्यावरून जुना ग्रंथ टाकाऊ ठरत नाही. नावे ताडून घ्यावीत.

नवीन पुस्तकांबाबत मात्र एक इशारा द्यावासा वाटतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने रचल्याचा संशय असलेली अळंबीची पुस्तके २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीस आली, तेव्हा न्यूयॉर्क मायकॉलॉजिकल सोसायटीने जाहीर इशारा दिला होता. ज्या पुस्तकाच्या लेखकाची संस्था, अभ्यासक्षेत्र व पूर्वलेखन कळत नाही, ते घेऊ नये. मोबाइलवरील ओळखसाधने एका छायाचित्रावरून नाव सुचवितात. बूड, ठसा आणि वृक्ष त्यांना दिसत नाहीत. त्यांनी सुचविलेले नाव हा शोधाचा आरंभ मानावा.

औषधी दुकानदारांसाठी

हा विषय केवळ भाजीचा नाही. फणसाच्या खोडावर उगवणारा फणसोंबा बालकांच्या लालास्रावावर व मुखपाकावर उगाळून लावण्याची परंपरा महाराष्ट्रात आहे. तो फेलिनस वर्गातील काष्ठकवक होय. या वर्गातील अनेक जाती इतर वृक्षांवरही उगवतात आणि वाळल्यावर त्या परस्परांसारख्याच दिसतात. माल घेताना तो कोणत्या वृक्षावरून काढला, हे विचारून नोंदवावे. शक्य तर सालीचा तुकडा चिकटलेला माल घ्यावा. गॅनोडर्माच्या बाबतीतही असेच आहे. लिंगझी म्हणून विकली जाणारी पूर्व आशियातील जाती युरोपातील गॅनोडर्मा ल्युसिडमहून भिन्न असल्याचे चिनी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून तिला गॅनोडर्मा लिंगझी हे नाव दिले. वेष्टनावरील नावाने आतील द्रव्याची खात्री होत नाही.

पुस्तिका अपुरी पडते तेव्हा

एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानअळंबी खाऊन तेरा जणांचा मृत्यू झाला. अमॅनिटाचे विष शिजवल्याने नष्ट होत नाही. ते बहुधा सहा तास किंवा त्याहून अधिक काळ शांत राहते. नंतर छर्दी-अतिसार होतो, मग एखादा दिवस रुग्णाला बरे वाटते आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. हा मधला आराम फसवा असतो. अळंबी खाल्ल्यानंतर उशिरा लक्षणे सुरू झालेल्या रुग्णाला दीपन-पाचन देऊन घरी पाठवू नये; यकृताच्या तपासण्यांची व अतिदक्षता विभागाची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. लक्षणे लवकर सुरू झाली म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण एकाच भाजीत अनेक प्रकार असू शकतात. उरलेली अळंबी प्लास्टिकमध्ये न बांधता कागदी पिशवीत घालून सोबत द्यावी. सिलिबमपासून केलेले सिलिबिनिन युरोपात या विषबाधेवर शिरेतून दिले जाते. दुकानातील यकृताच्या गोळ्या हा त्याचा पर्याय नव्हे, हे औषधविक्रेत्यांनी ध्यानी ठेवावे.

आमची सूचना अशी की, प्रत्येक स्थानिक शाखेने भारतीय जातींवरील एक शास्त्रीय ग्रंथ व पद्धत शिकविणारे एक सचित्र पुस्तक सामायिक संग्रहात ठेवावे, आणि पावसाळ्यात वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांसह एक दिवस ठसे घेण्याचा वर्ग भरवावा. चांगली पुस्तिका वैद्याला पुष्कळ अळंबी खाण्यायोग्य ठरवू देत नाही. ती त्याला वेळेवर ‘नाही’ म्हणण्यास शिकविते. रुग्ण टोपली घेऊन दारात उभा असताना हे एक उत्तर शास्त्राधाराने देता आले, तरी पुस्तकाचे मूल्य वसूल झाले असे समजावे.