‘असेल बरे?’ इंग्रजीत कसे म्हणावे?

आपल्या राज्यात प्राथमिक शाळांतून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्यास २००० साली प्रारंभ झाला. तेव्हापासून ‘व्हॉट इज धिस?’ या प्रश्नास ‘धिस इज अ बुक’ असे खणखणीत उत्तर देणारी मुले खेडोपाडी आढळतात. ही सुरुवात योग्यच आहे. परंतु या धाटणीत मुलास एकच गोष्ट करता येते, ती म्हणजे ठाऊक असलेले सांगणे. ज्याविषयी मनात नुसते कुतूहल आहे किंवा ज्याचा केवळ तर्क करता येतो, ते बोलून दाखविण्याचे साधन त्याच्या हाती येत नाही. परिणामी, उत्तराची खात्री नसलेले मूल इंग्रजीच्या तासास मुकाट बसते. शाळाभेटींत हे दृश्य मी पुष्कळदा पाहतो. हेच मूल घरी ‘बाबा अजून का बरे आले नसतील?’, ‘एस्टी चुकली असेल’ असे सहज बोलत असते.

मराठीत हा भाव क्रियापदाच्या रूपात आणि ‘बरे’, ‘की काय’ यांसारख्या लहानशा शब्दांत सामावलेला असतो. ‘बरे’ या शब्दास इंग्रजीत नेमका प्रतिशब्द नाही. त्याचे काम वाक्याच्या आरंभी येणारे ‘आय वंडर’ हे शब्द करतात. ‘तो कोठे असेल बरे?’ म्हणजे ‘आय वंडर व्हेअर ही इज’. शब्दकोशात ‘वंडर’पुढे ‘आश्चर्य’ हा अर्थ पाहून काही शिक्षक ‘मला आश्चर्य वाटते’ असे भाषांतर सांगतात. ते येथे लागू पडत नाही. दुसरी गोष्ट शब्दक्रमाची. सरळ प्रश्नात ‘व्हेअर इज ही?’ असा क्रम असतो, पण ‘आय वंडर’ पुढे आले की ‘व्हेअर ही इज’ असा विधानाचा क्रम येतो आणि शेवटी प्रश्नचिन्ह नव्हे, पूर्णविराम पडतो. हा प्रश्न ऐकणाऱ्यास उत्तर देण्याचे बंधन घालीत नाही. म्हणूनच इंग्रज माणूस मदत मागतानादेखील ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प मी’ असे आडवळणाने बोलतो. रूप भूतकाळाचे असले, तरी विनंती आत्ताचीच असते.

आता तर्काकडे वळू. येथे ‘मस्ट’ हे क्रियापद मुलांना फार गोंधळात पाडते, कारण पुस्तकात ते प्रथम सक्तीच्या अर्थाने भेटते. वास्तविक आपल्या भाषेत याची उत्तम किल्ली आहे. ‘तू गेले पाहिजे’ यात सक्ती आहे. ‘तो गेला असला पाहिजे’ यात तर्क आहे. शब्द तोच, ‘पाहिजे’. ‘मस्ट’चेही नेमके असेच आहे. ‘यू मस्ट गो’ ही आज्ञा, तर ‘ही मस्ट हॅव गॉन’ हे अनुमान. हे साम्य फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखविले की अर्धे व्याकरण आपोआप सुटते. नकारात मात्र सावध राहावे. ‘मस्ट नॉट’ने मनाई होते, ‘तो घरी असणे शक्य नाही’ या अर्थी ‘ही कान्ट बी अ‍ॅट होम’ असेच म्हणावे लागते.

खात्री कमी असेल तेथे ‘मे’ किंवा ‘माइट’. ‘माइट’ हे ‘मे’चे भूतकाळी रूप, असे पाठ करून घेतले जाते, पण रोजच्या बोलण्यात ‘इट माइट रेन’ म्हणजे ‘पाऊस येईलही’, अर्थात पुढचीच गोष्ट.

‘डाउट’ या शब्दाने तर अर्थाचा अनर्थ होतो. ‘पेन त्यानेच घेतले अशी मला शंका आहे’ याचे भाषांतर मुले ‘आय डाउट ही टुक द पेन’ असे करतात. इंग्रजीत त्याचा अर्थ ‘त्याने ते घेतले असेल असे मला वाटत नाही’ असा, म्हणजे अगदी उलट होतो! येथे ‘सस्पेक्ट’ हवे. मराठी ‘शंका’ दोन्हीकडे चालते, ‘डाउट’ चालत नाही. तसेच ‘क्युरिअस’ म्हणजे जिज्ञासू खरा, पण ‘विचित्र’ या अर्थानेही तो येतो. आणि भोचक माणसासाठी ‘नोझी’ हा निराळा शब्द आहे.

वर्गात याचा सराव एका कापडी पिशवीने होतो. पिशवीत भोवरा घालून तोंड बांधावे. प्रथम मुलांनी नुसती पाहावी व म्हणावे, ‘आय वंडर व्हॉट इट इज’. मग बाहेरून चाचपून ‘इट माइट बी अ बॉल’. एखाद्याच्या बोटास खालचा खिळा लागताच ‘इट कान्ट बी अ बॉल’, आणि अखेर ‘इट मस्ट बी अ टॉप’. पुरावा वाढतो तसे क्रियापद बदलते, हे मुलांना हातानेच कळते. मध्येच ‘चूक’ असा शेरा मारू नये. ‘माइट’ म्हणणारे मूल चुकलेले नसतेच. पिशवी उघडण्याची घाईही करू नये. पहिली-दुसरीत ‘मेबी अ बॉल’ एवढे पुरे. ‘मस्ट’ व ‘कान्ट’ ही जोडी चौथीपर्यंत थांबली तरी चालेल.