कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात अप्रेंटिस म्हणजे पक्की नोकरी? अर्ज भरण्याआधी हे वाचा

"पोरगं रेल्वेत लागलं!" माढा, बार्शी, करमाळा भागात हे वाक्य ऐकलं की पेढे वाटले जातात. पण बऱ्याचदा पोरगं रेल्वेत लागलेलं नसतं, अप्रेंटिस म्हणून निवडलेलं असतं. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो न कळल्यामुळे काहींची वर्षं वाया जातात, तर काहींचे पैसे.

आधी थोडा इतिहास

कुर्डुवाडीचं आणि रेल्वेचं नातं शंभर वर्षांहून जुनं आहे. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी नॅरोगेज लाईन सुरू केली. तीच बार्शी लाईट रेल्वे. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. तिची इंजिनं, डबे दुरुस्त करायला कुर्डुवाडीत कारखाना उभा राहिला. १९५४ मध्ये ही लाईन सरकारच्या ताब्यात आली. नंतर ब्रॉडगेज झालं, छोटी गाडी गेली, पण कारखाना राहिला. आज तो मध्य रेल्वेकडे आहे आणि अप्रेंटिस भरतीत सोलापूर क्लस्टरमध्ये त्याचं नाव असतं.

अप्रेंटिस म्हणजे नेमकं काय?

आयटीआयमध्ये तुम्ही ट्रेड शिकता. अप्रेंटिसशिपमध्ये तेच काम खऱ्या मशीनवर, खऱ्या कामगारांसोबत करता. हे चालतं १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार. मध्य रेल्वेत हे प्रशिक्षण एक वर्षाचं असतं आणि अलीकडच्या जाहिरातींमध्ये स्टायपेंड महिना ७,००० रुपये आहे. हॉस्टेल मिळत नाही. त्यामुळे बाहेरगावच्या पोरांनी खोलीभाडं आणि मेसचा हिशोब आधीच मांडलेला बरा.

निवड कशी होते?

- दहावीत किमान ५० टक्के आणि संबंधित ट्रेडचं आयटीआय प्रमाणपत्र लागतं.
- वय १५ ते २४. राखीव प्रवर्गांना नियमानुसार सूट.
- लेखी परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावी आणि आयटीआयच्या टक्क्यांची सरासरी काढून मेरिट लागतं.

म्हणजे दहावीचे मार्क इथे आयटीआयइतकेच मोजले जातात. "आयटीआयच करायचंय, दहावीला काठावर पास झालो तरी चालतंय" म्हणणाऱ्यांचा इथेच घात होतो.

आणि जागा? अख्ख्या मध्य रेल्वेत एका जाहिरातीत दोन हजारांहून जास्त असतात, पण सोलापूर क्लस्टरच्या वाट्याला शंभरही येत नाहीत. कुर्डुवाडी कारखाना हा त्यातला एक भाग.

मग पुढे नोकरी मिळते का?

केवळ प्रशिक्षण पूर्ण केलं म्हणून नोकरी देणं कायद्याने मालकावर बंधनकारक नाही. ही गोष्ट किती जिव्हारी लागते, ते मुंबईने २० मार्च २०१८ ला पाहिलं. कायम नोकरीच्या मागणीसाठी रेल्वे अप्रेंटिस माटुंगा-दादर दरम्यान रुळांवर बसले आणि ऐन सकाळी लोकल ठप्प झाल्या.

रेल्वेने दिलेली सवलत इतकीच, की लेव्हल १ म्हणजे पूर्वीच्या ग्रुप डी भरतीत २० टक्के जागा रेल्वेत प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी राखीव असतात. पण परीक्षा त्यांनाही द्यावीच लागते.

मग करायचं की नाही?

करायचं. फक्त कशासाठी ते ठरवून.

वर्ष संपल्यावर परीक्षा पास झालात की राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. ते रेल्वेबाहेरही चालतं. चाकण, रांजणगावच्या कंपन्यांत कोरा आयटीआय पोरगा आणि वर्षभर वेल्डिंग किंवा फिटिंग केलेला पोरगा यात फरक केला जातो. बार्शी लाईनच्याच दुसऱ्या टोकाला, लातूरला, रेल्वे कोच कारखाना उभा राहिलाय. हाताला काम येत असेल तर पर्याय वाढतात.

त्यासाठी तीन गोष्टी करा. प्रशिक्षण चालू असतानाच लेव्हल १ आणि टेक्निशियन परीक्षेचा अभ्यास सुरू ठेवा. रेल्वेसोबत खासगी कंपन्यांच्या अप्रेंटिस जागांनाही अर्ज करा. आणि शेवटच्या परीक्षेचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय वर्ष सोडू नका.

आणि एजंट?

"साहेबांशी ओळख आहे, दोन लाखांत अप्रेंटिस, पुढे परमनंट," असं कुणी म्हणालं तर दोन गोष्टी आठवा. निवड मार्कांवर होते आणि मार्क आधीच छापलेले असतात. परमनंट करायचा अधिकार त्या साहेबाकडेही नसतो. अर्जाची फी फक्त १०० रुपये आहे, तीही महिला, एससी, एसटी आणि दिव्यांग उमेदवारांना माफ. जाहिरात रेल्वे रिक्रूटमेंट सेलच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर नाही.

पेढे वाटायला हरकत नाही. फक्त घरच्यांना सांगा, हे शिकायला मिळाल्याचे आहेत. नोकरीचे अजून बाकी आहेत.