चौकटींमागचा मजकूर

विंडोज ९५ या नावाने १९९५ साली जी संगणकप्रणाली घरोघरी आली, तिच्या प्रत्येक खिडकीच्या उजव्या कोपऱ्यातील फुली, आडवी रेघ आणि चौकोन ही वस्तुतः चित्रे नसून अक्षरे होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मार्लेट नावाच्या एका लहानशा फॉन्टमध्ये रोमन लिपीतील ‘आर’च्या जागी फुली, शून्याच्या जागी रेघ आणि एकाच्या जागी चौकोन रेखून ठेवलेला होता, आणि त्या फॉन्टच्या नोंदी बिघडल्या, की खिडकीच्या माथ्यावर शून्य, एक आणि ‘आर’ अशी निरर्थक मालिका उमटे. यंत्रच निकामी झाले असे वाटावयास लावणाऱ्या या विकाराचा उपाय मात्र अगदी मामुली होता. विंडोजच्या फोल्डरमधील ‘टीटीएफकॅश’ नावाची दडवलेली फाइल काढून टाकावयाची व यंत्र पुन्हा सुरू करावयाचे. प्रणाली ती फाइल आपण होऊन नव्याने तयार करी आणि फुली स्वस्थानी परत येई.

आजच्या संगणकातही हा विकार अधूनमधून डोके वर काढतो. व्हिस्टापासून विंडोजच्या पडद्यावरील रोमन मजकूर सेगो यूआय या फॉन्टमध्ये आणि विंडोज ८ पासून देवनागरी मजकूर निर्मला यूआय या फॉन्टमध्ये दिसतो. यांपैकी एखादा बिघडला, म्हणजे याद्यांतील शब्दांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसू लागतात, अक्षरे एकमेकांवर चढतात किंवा मराठी जोडाक्षरांचे अवयव सुटे होऊन पडतात. अशा वेळी घाबरून सगळी प्रणाली पुसून नव्याने घालण्याकडे अनेकांचा कल असतो, आणि त्या घाईतच वर्षानुवर्षांची छायाचित्रे आणि दस्तऐवज कायमचे नाहीसे होतात. म्हणून सर्वांत आधी हे आग्रहाने सांगितले पाहिजे, की फॉन्ट बिघडल्याने मजकुराला काडीचाही धक्का लागत नाही.

याचे कारण असे, की संगणक अक्षर साठवीत नाही, त्याचा क्रमांक साठवतो. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीच्या मुख्य विभागास २३०४ ते २४३१ अशी १२८ स्थाने नेमून दिलेली आहेत, आणि त्यांतले २३२५ वे स्थान ‘क’चे आहे. आपल्या पत्राच्या फाइलीत केवळ हे क्रमांक असतात. त्या क्रमांकाला कोणता आकार द्यावयाचा, हे सांगणारी नोंदवही म्हणजे फॉन्टची फाइल होय. तिच्यात एक तक्ता क्रमांक आणि आकार यांची सांगड घालतो, दुसऱ्यात प्रत्येक आकाराची बाह्यरेषा असते, तिसरा जोडाक्षरांचे नियम सांगतो; आणि प्रत्येक तक्त्यासाठी एक बेरीज नोंदलेली असते, जेणेकरून फाइलीची रुजुवात घालता यावी. ज्या क्रमांकास आकार सापडत नाही, त्याच्यासाठी फॉन्टमध्ये अगदी पहिलाच आकार राखून ठेवलेला असतो, आणि तीच ती रिकामी चौकट.

देवनागरीचे काम रोमनपेक्षा पुष्कळच बिकट आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी ‘क’च्या नंतर साठवली जाते, पण दिसावयास हवी आधी, ‘धर्म’ या शब्दात ‘ध’, ‘र’, हलन्ताची खूण आणि ‘म’ एवढेच क्रमाने नोंदलेले असते, आणि रफार होऊन ‘म’च्या माथ्यावर बसण्याची सारी तजवीज प्रणाली आणि फॉन्ट मिळून करतात. ही किमया घरगुती संगणकावर सर्वसामान्यांच्या हाती आली ती विंडोज २००० बरोबर मिळू लागलेल्या ‘मंगल’ या फॉन्टमुळे. कवी आणि सुलेखनकार म्हणून मराठी वाचकांस परिचित असलेल्या र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी तो रेखला, आणि देवनागरीचे वळण व यंत्राचे नियम या दोहोंची इतकी खोल जाण एका व्यक्तीच्या ठायी एकवटलेली असणे, हे आपल्या लिपीचे मोठेच भाग्य म्हणावे लागेल.

उपायास लागण्यापूर्वी दोष खरोखर फॉन्टचाच आहे, याची खातरजमा करून घ्यावी. मजकुरात माथ्यावर तिरका फटकारा असलेला रोमन ‘ए’ आणि जपानी येनचे चिन्ह पुनःपुन्हा दिसत असेल, तर तो संकेताचा घोटाळा आहे: देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन बाइटांत साठवलेले असता ते तीन सुट्या रोमन अक्षरांप्रमाणे वाचले जात आहे, आणि फाइल यूटीएफ-८ म्हणून पुन्हा उघडली की तो दूर होतो. जुने पत्र उघडताच रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसली, तर ते बहुधा कृतिदेव किंवा शिवाजी यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टात टंकलेले असते आणि तो फॉन्ट या यंत्रावर नसतो. याउलट, तोच मजकूर दुसऱ्या फॉन्टात घालताच किंवा दुसऱ्या यंत्रावर उघडताच सुवाच्य होत असेल, तर मात्र बिघाड या यंत्रातील फॉन्टचा किंवा त्याच्या कॅशचा आहे, असे निःशंक समजावे.

कॅश म्हणजे फॉन्टांच्या तपशिलाचे, काम जलद व्हावे म्हणून प्रणालीने स्वतःपाशी ठेवलेले टाचण. लिहिता लिहिता वीज गेली, की ते अर्धवट राहते. भारनियमन सोसलेल्या आपल्या गावांना हे कारण वेगळे सांगावयास नको. यंत्र एकवार नीट बंद करून सुरू करूनही गुण न आल्यास हे टाचणच काढून टाकावे. पडद्यावरचे वाचता येत नसले तरी अडत नाही: विंडोजची कळ व ‘आर’ एकत्र दाबून रोमन लिपीत ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ टंकल्यास सेवांची यादी उघडते. तीत ‘विंडोज फॉन्ट कॅश सर्व्हिस’ ही सेवा काही काळ बंद ठेवावी. मग विंडोजच्या फोल्डरात सर्व्हिसप्रोफाइल्स, लोकलसर्व्हिस, ॲपडेटा, लोकल अशा क्रमाने आत जाऊन फॉन्टकॅश या फोल्डरातील फायली, आणि सिस्टिम३२ मधील ‘एफएनटीकॅश डॉट डॅट’ ही फाइल पुसावी, सेवा पूर्ववत करावी व यंत्र पुन्हा सुरू करावे. प्रत्यक्ष फॉन्ट मात्र चुकूनही पुसू नयेत.

एवढ्याने भागले नाही, तर फॉन्टची मूळ फाइलच नासलेली असण्याचा संभव आहे. त्यासाठी प्रशासकाच्या अधिकारात आज्ञापटल उघडून प्रथम ‘डिझम’ आणि त्यापुढे ‘ऑनलाइन’, ‘क्लीनअप-इमेज’, ‘रिस्टोअरहेल्थ’ हे तीन शब्द, प्रत्येकाच्या आधी जागा सोडून उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ देऊन, रोमन लिपीत टंकावेत. ते पार पडल्यावर ‘एसएफसी’ आणि तशाच रेघेमागोमाग ‘स्कॅननाउ’ टंकावे. पहिली आज्ञा प्रणालीची मूळ प्रत दुरुस्त करते आणि दुसरी त्या प्रतीशी प्रत्येक फाइल ताडून नासलेली बदलते. या कामास वेळ लागतो. तो लागू द्यावा. मंगल सापडत नसेल, तर तो नासला असेलच असे नाही, कारण विंडोज १० पासून तो पर्यायी घटकांच्या यादीत, देवनागरीच्या पूरक फॉन्टांच्या संचात गेलेला आहे आणि तेथून विनामूल्य घेता येतो.

कोठल्याशा अनोळखी स्थळावरून फॉन्ट उतरवून घेण्याचा मोह मात्र निग्रहाने टाळावा. २०११ साली उघडकीस आलेल्या डुकू या घातक प्रोग्रामने विंडोजच्या ट्रूटाइप फॉन्ट वाचण्याच्या व्यवस्थेतील दोषाचा आधार घेऊनच यंत्रांत प्रवेश मिळवला होता. पुढे विंडोज १० मध्ये फॉन्ट वाचण्याचे काम प्रणालीच्या गाभ्यातून काढून वेगळ्या, मर्यादित अधिकारांच्या प्रक्रियेकडे सोपवण्यात आले.

दुरुस्ती होऊनही थोड्याच काळात तोच विकार पुन्हा उद्भवला, तर संशय फॉन्टवरून काढून यंत्राच्या साठवणतबकडीवर न्यावा, कारण तिचे भाग निकामी होऊ लागले असता फॉन्टप्रमाणेच इतर फायलीही नासत जातात. अशा वेळी आधी आपले सारे दस्तऐवज दुसऱ्या तबकडीवर उतरवून घ्यावेत, आणि मगच ‘चेकडिस्क’ या आज्ञेने तपासणीस आरंभ करावा.