काल खाल्लेली डाळ आज कोठे आहे?

मोटारीच्या टाकीत आपण पेट्रोल भरतो. ते जळते आणि मोटार धावते. परंतु त्यातला एकही कण मोटारीच्या पत्र्यात जाऊन बसत नाही. आपले शरीर अन्नातील प्रथिनांचा उपयोग असाच करते काय? विसाव्या शतकाच्या आरंभी पुष्कळ शास्त्रज्ञांना तसे वाटे. वाढ पुरी झालेल्या शरीरातील प्रथिने जवळजवळ कायमची असतात, त्यांची किरकोळ झीज तेवढी अन्नातून भरून निघते व बाकीचे प्रथिन जळून जाते, अशी समजूत होती.

हे तपासायचे कसे? अन्नातला नायट्रोजन कोणता आणि शरीरातला कोणता, हे ओळखणार कसे? येथे पदार्थविज्ञान मदतीला आले.

खुणेचा अणू

नायट्रोजनच्या बहुतेक अणूंचे वस्तुमान १४ असते. हजारात तीन-चार अणू मात्र १५ वस्तुमानाचे असतात. हा जड नायट्रोजन किरणोत्सारी नसतो आणि रासायनिक दृष्ट्या आपल्या भावंडासारखाच वागतो. म्हणून शरीराला तो वेगळा वाटत नाही; वस्तुमान-वर्णपटमापक मात्र त्याला अचूक ओळखतो.

नाझी राजवटीमुळे १९३३ साली जर्मनी सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आलेले रूडॉल्फ शोनहायमर यांनी या खुणेचा उपयोग केला. तेथील हॅरल्ड यूरी यांच्याकडून त्यांना जड नायट्रोजन मिळाला. तो ल्यूसीन या अॅमिनो आम्लात घालून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पूर्ण वाढ झालेल्या उंदरांना खाऊ घातले. जुनी समजूत खरी असती, तर बहुतेक जड नायट्रोजन मूत्रावाटे बाहेर पडायला हवा होता. प्रत्यक्षात तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी बाहेर पडला. निम्म्याहून अधिक शरीराच्या प्रथिनांत जाऊन बसला होता! उंदरांचे वजन तर वाढले नव्हते. म्हणजे जेवढे नवे आत आले, तेवढे जुने सुटून गेले होते. हे निष्कर्ष १९३९ साली प्रसिद्ध झाले.

खिळे सोडायचे, पुन्हा जुळवायचे

पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर तयार करीत. छपाई झाली की ते सुटे करून आपापल्या खणात टाकीत व त्यांतूनच नवा मजकूर जुळवीत. प्रथिनांचेही तसेच आहे. त्यांचे खिळे म्हणजे २० प्रकारची अॅमिनो आम्ले.

डाळीतील प्रथिन जसेच्या तसे आपल्या उपयोगाचे नाही. जठरातील आम्लाने त्याची गुंडाळी उलगडते व पेप्सीन तिचे तुकडे करते. लहान आतड्यात स्वादुपिंडाचे ट्रिप्सीन इत्यादी पाचक रस ते काम पुढे नेतात. सुटी झालेली अॅमिनो आम्ले रक्तावाटे यकृतात व तेथून सर्व शरीरात पोचतात. पेशी त्यांतून स्वतःला हवी ती प्रथिने जुळवतात.

प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे २५० ते ३०० ग्रॅम प्रथिन मोडते आणि तेवढेच नव्याने बनते. अन्नातून मात्र ६० किलो वजनाच्या माणसाला रोज सुमारे ५० ग्रॅम प्रथिन पुरते. उरलेले काम जुन्याच खिळ्यांवर भागते. आतड्याच्या अस्तराच्या पेशी काही दिवसांतच बदलतात, तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवस टिकतात. तर डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातील प्रथिने जन्मभर तीच राहतात.

वरणभाताचे मर्म

२० पैकी ९ अॅमिनो आम्ले शरीराला पुरेशी बनवता येत नाहीत. ‘क’चा खिळा संपला की इतर कितीही असले तरी मजकूर अडतो. तांदूळ, ज्वारी यांत लायसीन कमी असते, ते डाळींत भरपूर असते. डाळींत मेथिओनीन कमी, ते धान्यांतून मिळते. वरण-भात किंवा पिठले-भाकरी यांत एकाची उणीव दुसरे भरून काढते.

चरबीसारखा प्रथिनांचा वेगळा साठा मात्र शरीरात नसतो. जास्तीच्या अॅमिनो आम्लांतील नायट्रोजनचा यकृतात यूरिया होतो व मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. उरलेला भाग जळतो किंवा त्याची चरबी होते. म्हणून नुसती प्रथिनांची पूड खाऊन दंड भरत नाहीत, व्यायामही लागतो. उलट उपासमार झाली, तर शरीर स्नायू मोडून हृदय, यकृत यांची गरज भागवते. वाढत्या मुलांच्या ताटात डाळ रोज का हवी, ते यावरून कळेल.

तेव्हा काल खाल्लेल्या डाळीचा काही भाग यूरिया होऊन गेला असेल. पण बराचसा आज तुमच्या दंडात, रक्तात आणि आतड्याच्या अस्तरात कामाला लागलेला आहे.