सागरी सस्तन प्राण्यांतील जीवाणूसंसर्ग : रक्ततपासणी काय सांगते?

नवी दिल्ली येथे २८ जानेवारी २०२१ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी मोठ्या सागरी प्राण्यांसंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. किनाऱ्याला लागलेल्या, जाळ्यात अडकलेल्या, जखमी वा मृत प्राण्यांबाबत शासकीय यंत्रणा आणि नागरिक यांच्यात समन्वय असावा, हा त्यांचा हेतू होता. अशा प्राण्यांच्या तपासणीतूनच समुद्रातील रोगांचा माग लागतो.

जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिस हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. याच रोगाच्या साथी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रसिंहांमध्ये १९७० पासून वारंवार आढळल्या आहेत. त्यात मूत्रपिंडे निकामी होतात आणि एरवी गोडे पाणी क्वचितच पिणारा हा प्राणी पाणी पिताना दिसतो. वाचलेले काही प्राणी पुढे बराच काळ मूत्रावाटे जीवाणू बाहेर टाकतात. गुरांमध्ये गर्भपात घडविणाऱ्या ब्रुसेला जीवाणूचे सागरी भाईबंद १९९४ मध्ये प्रथम नोंदले गेले. डॉल्फिनमध्ये त्यांच्यामुळे गर्भपात व मेंदूदाह होतो.

रक्तात प्रतिपिंडे आढळली म्हणजे प्राणी आजारी आहे, असा अर्थ नेहमी काढला जातो. तो चुकीचा आहे. प्रतिपिंडे एवढेच सांगतात की, त्या जीवाणूशी प्राण्याचा कधीतरी संबंध आला होता. तो आजारी पडून बरा झालेला असेल, किंवा कधी आजारी पडलाही नसेल. संसर्ग ताजा आहे काय, हे ठरविण्यासाठी काही दिवसांनी दुसरा नमुना घेऊन प्रतिपिंडांचे प्रमाण वाढले का ते पाहावे लागते. मुक्त डॉल्फिन दुसऱ्यांदा हाती लागणे जवळजवळ अशक्यच. त्यातच अनेक चाचण्या मूळच्या गुराढोरांसाठी तयार झालेल्या असून, दुसऱ्याच जीवाणूची प्रतिपिंडेही त्यांत ब्रुसेलाची म्हणून उमटू शकतात. म्हणून ऊतीतून प्रत्यक्ष जीवाणू वेगळा करणे वा त्याची जनुकीय ओळख पटविणे, हाच भक्कम पुरावा मानला जातो.

त्यासाठी शव ताजे हवे. उष्ण हवामानात ते झपाट्याने कुजते, रक्तद्रव निरुपयोगी होतो आणि मग लांबी मोजून शव पुरण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. कोकणात असा प्राणी दिसल्यास तत्काळ वन विभागाला कळविण्याचे महत्त्व यामुळेच आहे.

सागरी ब्रुसेलाची माणसाला झालेली बाधा अत्यंत विरळ असली, तरी तशा नोंदी आहेत. प्राणी जिवंत असो वा मृत, त्याला उघड्या हातांनी स्पर्श करू नये, जिवंत डॉल्फिनच्या श्वासरंध्रासमोर चेहरा नेऊ नये आणि कुत्र्यांना शवापासून दूर ठेवावे.